मशीनला कुलूप, पण कॉम्प्युटर तर उघडा आहे ना?

लातूर-नांदेडची कितीतरी पोरं आयटीआय करून वाळूज, चाकणला जातात आणि वर्षानुवर्षं सीएनसीवर जॉब लावणं-काढणंच करतात. प्रोग्रामला हात लावू देत नाहीत. का? जी०१ च्या जागी जी०० पडलं, तर टूल कापायच्या फीडऐवजी रॅपिडनं थेट मालात घुसतं. स्पिंडल गेला तर खर्च लाखांत. सुपरवायझर तरी नवख्यावर भरवसा कसा टाकणार?

आम्ही शिकलो तेव्हा वर्गाला मशीन एकच, तेही कुलपात. "बिघडलं तर भरणार कोण?" सरांचंही चूक नव्हतं म्हणा.

पण हीच चूक स्क्रीनवर फुकट करता येते की राव! मिलिंगसाठी कॅमोटिक्ससारखं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. प्रोग्राम टाका, टूल कुठून जातंय ते दिसतं. वर्क ऑफसेट चुकला, क्लॅम्प वाटेत आला, हे साध्या सिम्युलेटरला कळत नाही, मान्य. त्यासाठी मशीनवर सिंगल ब्लॉक, ड्राय रन आहेच.

२०१८ मध्ये लातूरला रेल्वे डबा कारखान्याची पायाभरणी झाली. काम दाराशी आल्यावरही सेटर बाहेरूनच आणायचे का? पालकांनो, यंदा प्रवेश घेताना एवढंच विचारा: पोरगं स्वतः लिहिलेले किती प्रोग्राम चालवून बघणार?