तळें कोणाचें?

उन्हाळ्याची सुटी संपवून मुलें शाळेंत परत आलीं, कीं पहिले दोन दिवस वर्गांत गांवाकडच्या बातम्यांचे असतात. कोणाची गाय व्याली, कोणाच्या बहिणीचें लग्न झालें, कोणाचे आजोबा देवाघरीं गेले. यंदा नववींतील एका मुलानें मोठ्या अभिमानानें सांगितलें, "सर, आम्हीं ओढ्याकांठीं उतारावर भराव घालून तळें केलें. विहिरीवर मोटार लावून तें कांठोकांठ भरलें. एवढें मोठें तळें गांवांत दुसऱ्या कोणाचें नाहीं." शेजारीं बसलेला मुलगा त्याच गांवचा. तो हळूच म्हणाला, "आणि तेव्हांपासून आमच्या विहिरीनें तळ गांठला." पहिला मुलगा रागावून बोलला, "जमीन आमची, पैसा आमचा. मग तळें आमचेंच ना, सर?"

त्या वेळीं 'पुस्तकें उघडा' असें म्हणून मीं वेळ मारून नेली. परंतु प्रश्न खरा होता, आणि तो टाळल्याची टोचणी मनास लागून राहिली. म्हणून वार्षिकाच्या या पानांवर त्याचें उत्तर देण्याचें योजिलें आहे. हें उत्तर त्या दोन मुलांसाठीं आहे, आणि त्याहूनही अधिक त्यांच्या वडील मंडळींसाठीं आहे.

खाजगी तळ्याचा हा वाद नवा नाहीं. इंग्लंडांत लँकशायर परगण्यांत जॉन रायलंड्स नांवाचे एक मोठे गिरणीमालक होते. गिरणीस पाणी मिळावें म्हणून त्यांनीं १८६० सालीं एक तळें बांधविलें. काम जाणत्या माणसांवर सोंपविलें होतें. खोदतांना त्या माणसांस जुन्या, पडीक खाणीचीं तोंडें लागलीं; पण तीं पक्कीं बुजविण्याची काळजी त्यांनीं घेतली नाहीं. तळें भरूं लागलें तेव्हां पाणी त्या जुन्या वाटांनीं जमिनीखालून जाऊन थॉमस फ्लेचर या शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणींत शिरलें. रायलंड्स यांस या जुन्या वाटांची कांहींच कल्पना नव्हती. तरीही १८६८ सालीं हाउस ऑफ लॉर्ड्सनें निकाल त्यांच्याविरुद्ध दिला. जो मनुष्य स्वतःच्या सोयीकरितां, जमिनीच्या नैसर्गिक वापराबाहेर जाऊन, सुटल्यास अपाय करील अशी वस्तु आणून सांठवितो, त्यानें ती आपल्या जोखमीवर सांभाळली पाहिजे, असें त्या निकालाचें तत्त्व आहे. रायलंड्स हे कांहीं वाईट गृहस्थ नव्हते. दानशूरपणाविषयीं त्यांची ख्याति होती. परंतु मालकाच्या सद्हेतूनें पाणी अडत नाहीं. त्याला पक्का तळ आणि भक्कम भराव लागतो.

आतां आपल्या देशांतील दाखला पाहा. मद्रास इलाख्यांत कार्वेटिनगरच्या जमीनदारींत पूर्वापार चालत आलेले तलाव होते. अतिवृष्टीनें त्यांतील दोन तलाव फुटले आणि रेल्वे कंपनीच्या कामांचें मोठें नुकसान झालें. कंपनीनें रायलंड्सच्या खटल्याकडे बोट दाखवून भरपाई मागितली. १८७४ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें ती मागणी फेटाळली. हे तलाव एकट्या जमीनदाराच्या नफ्यासाठीं नाहींत. हजारों रयतेची शेती त्यांवर चालते, ते राखणें हें त्याचें कर्तव्यच आहे, आणि त्यांत त्यानें हयगय केलेली नाहीं, असें कारण दिलें. हे दोन निकाल शेजारीं शेजारीं ठेवले म्हणजे माझें म्हणणें ध्यानांत येईल. जें तळें एकट्याच्या कामाचें होतें, त्याचा सारा भार एकट्यावर पडला. जें पुष्कळांच्या पोटाचें होतें, त्याच्या मालकाला न्यायानें सांभाळून घेतलें.

या कसोटीवर आपल्या गांवचीं तळीं घासून पाहूं. पुण्याच्या मिशन शाळेंत शिकलेले जोतीराव फुले यांनीं 'शेतकऱ्याचा असूड' या १८८३ सालच्या ग्रंथांत डोंगरउतारावरून येणारें पाणी ताली-बंधारे घालून शेतांत मुरवावें, असा आग्रह धरला होता. पावसाचें पाणी अडवावें हाच शेततळ्याचाही मूळ हेतु. २०१६ सालीं महाराष्ट्र सरकारनें 'मागेल त्याला शेततळे' ही योजना काढली आणि ५०,००० रुपयांपर्यंत अनुदान देऊं केलें. वाहून जाणारें पाणी धरून ठेवावें व पावसानें ओढ दिली म्हणजे पिकास द्यावें, ही कल्पना उत्तम आहे. परंतु पुष्कळ ठिकाणीं, विशेषतः फळबागांच्या मुलखांत, तळ्याला प्लॅस्टिकचा कागद अंथरतात आणि विहिरीचें किंवा बोअरचें पाणी उपसून तें भरतात. बाहेरून दोन्ही तळीं सारखींच दिसतात. पण एक आकाशांतून आलेलें पाणी राखतें, आणि दुसरें जमिनीच्या पोटांतलें सामाईक पाणी वर काढून एकाच्या कुंपणांत कोंडतें. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भाग काळ्या कातळाचा आहे. त्या कातळाच्या भेगांत आणि वरच्या मुरमाड थरांत मावेल तेवढेंच पाणी आपल्या वांट्यास येतें, आणि त्या भेगांना सात-बाराचा उतारा ठाऊक नसतो.

ज्यांस गणिताची आवड आहे त्यांनीं एक हिशेब करून पाहावा. तळें वर ३० मीटर लांब व ३० मीटर रुंद, तळाशीं २४ मीटर लांब व तितकेंच रुंद, आणि ३ मीटर खोल असेल, तर त्यांत सुमारें २२ लाख लिटर पाणी मावतें. उन्हाळ्यांत दिवसाला फक्त ६ मिलिमीटर पाण्याची वाफ झाली असें धरलें, तरी भरलेल्या तळ्यांतून रोज ५,४०० लिटर पाणी उडून जातें. गांवच्या नळयोजनेंत दर माणशीं रोज ५५ लिटर पाणी धरतात. म्हणजे जवळजवळ शंभर माणसांचें पाणी रोज उन्हाला अर्पण होतें. तेंच पाणी कातळाच्या पोटांत राहिलें असतें, तर उन्हाचा हात तेथवर पोंचला नसता.

मीं शेतकऱ्यास दोष देत नाहीं. मुलाप्रमाणें वाढविलेली डाळिंबाची बाग वैशाखांत डोळ्यांदेखत वाळतांना पाहाण्याचें दुःख ज्यानें भोगलें आहे, त्याला चार उपदेशाच्या गोष्टी सांगणें सोपें आहे. कर्ज त्याच्या डोक्यावर असतें, शिक्षकाच्या नव्हे. पण शेजाऱ्याच्या विहिरीवरही एक घर उभें आहे. एकानें तळें भरलें कीं दुसरा बोअर खोल नेतो, तिसरा त्याहून खोल. आणि ज्याच्यापाशीं खोल जाण्यास पैसा नाहीं, तो प्रथम कोरडा पडतो.

दुसरा मार्ग आहे काय? आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुण्याचे अभियंते व उद्योजक विलासराव साळुंखे यांनीं पुरंदर तालुक्यांतील नायगांव येथें देवस्थानची माळरान जमीन खंडानें घेतली, बांध घातले, पाणी मुरविलें, आणि त्याच अनुभवांतून पाणी पंचायत उभी केली. तिचा नियम असा कीं, पाणी जमिनीच्या मापानें द्यावयाचें नाहीं, माणसांच्या मोजणीनें द्यावयाचें. दर माणशीं अर्धा एकर भिजेल एवढें. भूमिहीनालाही त्यांत वांटा. उंसासारखें तहानलेलें पीक घ्यावयाचें नाहीं. बांध एका माणसानें आरंभिला, पण पाण्याचा हिशेब चारचौघांत झाला. आपल्या गांवीं एकदम एवढें साधणार नाहीं. परंतु दिवाळीनंतर एक दिवस शेजारच्या विहिरींचें पाणी दोरीनें मोजून, कोणी किती उपसावें हें ठरविण्यास कोणाची आडकाठी आहे?

आतां विद्यार्थ्यांशीं दोन शब्द, आणि हे सर्वांत महत्त्वाचे. कागद घातलेलें तळें म्हणजे नदीचा डोह नव्हे. ओला कागद शेवाळानें निसरडा होतो. उतारावर पाय ठरत नाहीं, हाताला धरावयास कांहीं मिळत नाहीं. चांगला पोहणाराही तेथून वर येऊं शकत नाहीं, आणि त्याला काढण्यास उडी घेणाराही त्याच्याबरोबर जातो. अशा बातम्या वर्तमानपत्रांत वारंवार वाचावयास मिळतात, आणि प्रत्येक बातमींत कोणत्या तरी शाळेचा एक बांक रिकामा झालेला असतो. म्हणून तळ्यांत उतरूं नका. कोणी पडल्यास उडी न घेतां दोर, लुगडें, लांब काठी फेंका आणि मोठ्यानें हांक मारा. पालकांस माझी हात जोडून विनंती आहे: तळ्याभोंवतीं कुंपण घाला, आणि चारी बाजूंस खुंटीला बांधलेला गांठींचा दोर पाण्यांत सोडून ठेवा. लाखांच्या तळ्याला शेंकड्यांचा दोर जड नाहीं.

भरावाविषयींही एक सूचना. २ जुलै २०१९ च्या रात्रीं चिपळूण तालुक्यांतील तिवरे येथील मातीचें धरण फुटलें आणि सुमारें वीस माणसें प्राणांस मुकलीं. तें धरण सरकारी होतें. पण भरावाच्या मातीला मालक कोण हें कळत नाहीं. आपला बांध त्याहून पुष्कळ लहान असला, तरी त्याच्या खालच्या अंगास कोणाची झोंपडी, कोणाचा गोठा असतोच. मृगापूर्वी बापलेकांनीं मिळून भरावावरून एक फेरी मारावी. सांडवा गाळानें बुजला आहे काय, उंदराखेंकड्यांनीं बिळें केलीं आहेत काय, मातींतून पाणी पाझरतें आहे काय, हें पाहावें.

तर बाळा, तुझ्या प्रश्नाचें उत्तर असें. तळें तुमचेंच आहे. खणण्याचे श्रम तुमचे, कर्जही तुमचें. परंतु त्यांत आलेलें पाणी शेजाऱ्याच्या कातळांतून आलें आहे, फुटलें तर तें खालच्याच्या अंगणांत जाणार आहे, आणि त्याच्या कांठीं उभें राहणारें पोर कोणाचेंही असूं शकतें. एवढ्या तिघांचें देणें फेडलें, तर तळें खुशाल आमचें म्हणावें. येत्या पावसाळ्यापूर्वी हीं दोन मुलें एकत्र त्या भरावावरून फिरून आलीं आणि एक दोर बांधून आलीं, तरी या लेखाचें सार्थक झालें असें मी समजेन.