चढाचं मेडल वाटलंत, उतार कोण शिकवणार?

थोडं मोठं लिहितोय. सायकलवाले मित्र चिडतील. चिडा, पण पूर्ण वाचून चिडा.

मागच्या महिन्यात आपल्या जिल्ह्यात एका चढावर सायकलची 'हिल चॅलेंज' झाली. गावाचं आणि आयोजकांचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हे एका मंडळाचं प्रकरण नाही. असे कार्यक्रम आता तालुक्या-तालुक्यात होतात. पाहुण्यांनी हिरवा झेंडा दाखवला, ड्रोन उडाला, चढ संपतो तिथं कमान, फुगे, डीजे आणि मेडल. मी बातमीसाठीही गेलो होतो आणि माझी जुनी हायब्रीड घेऊन भागही घेतला होता. शेवटून चौथा आलो. मेडल मिळालं, घरी शोकेसमध्ये आहे.

आता पुढचं. मेडल गळ्यात पडलं, केळी खाल्ली, नाश्त्याचं कुपन घेतलं. नाश्ता कुठं? खाली, जिथून निघालो तिथं. रस्ता तोच. वरती जाताना वेळ नोंदवायला चार माणसं होती, उताराच्या वळणावर एकही नव्हता. अकरावीतला एक पोरगा, भावाची सायकल घेऊन आलेला, सुसाट खाली निघाला. वळणावर समोरून उसाची जोड ट्रॉली आली. त्यानं वळणातच ब्रेक दाबले, सायकल डांबराच्या कडेवरून खाली गेली. साईडपट्टी डांबरापासून चांगली वीतभर खाली होती. पोरानं घाबरून हँडल परत रस्त्याकडं वळवलं, पुढचं चाक कडेला घासलं आणि तो आडवा झाला. कॉलर बोन मोडलं, दोन दात गेले. ट्रॉलीवाल्यानं वेळेवर थांबवलं म्हणून जीव वाचला.

संध्याकाळी मी बातमी केली. मोठी बातमी चॅलेंजची, फोटोसकट. खाली चार ओळी: 'उतारावर तोल गेल्याने सायकलस्वार युवक जखमी.'

तोल गेल्याने. वीस वर्षं बातमीदारी करतोय, हे वाक्य किती वेळा लिहिलं याचा हिशोब नाही. आणि दुसरं ठरलेलं वाक्य, 'अज्ञात वाहनाच्या धडकेत सायकलस्वार ठार.' पहिल्या वाक्यात चूक सायकलवाल्याची, दुसऱ्यात कुणाचीच नाही. रस्ता दोन्हींत निर्दोष सुटतो. त्या पोराचा तोल गेला हे खोटं नाही. पण त्याला उतरायला कुणी शिकवलं नव्हतं आणि रस्त्याची कड तुटलेली होती, हे मी लिहिलं नाही. आज लिहितोय.

माझं म्हणणं एवढंच आहे: सायकल हाताळायला शिकवल्याशिवाय आणि रस्त्याची कड तपासल्याशिवाय चढाच्या स्पर्धा भरवणं बंद करा.

हौशी सायकलवाल्यांचं सगळं ट्रेनिंग चढाचं असतं. कोणता गिअर, मिनिटाला किती पेडल, बसून मारायचा की उभं राहून, स्ट्राव्हावर कितवा नंबर. चांगलंच आहे. पण चढावर माणूस ताशी दहा-बारानं जातो. पडला तर गुडघा सोलतो. त्याच उतारावर गिअरवाली सायकल पंचेचाळीसला सहज जाते. गावात आपण वीसनं चालवतो. वेग सव्वादोन पट झाला की थांबवायची ताकद पाचपट लागते. पंचेचाळीसच्या वेगात एक सेकंद दचकलात तर साडेबारा मीटर पुढं गेलेले असता. दम चढाला लागतो, अक्कल उताराला. आणि आपण स्पर्धा फक्त दमाची लावतो.

ही अक्कल काही गुप्त विद्या नाही. एका रविवारी मैदानावर शिकवता येते. ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. वळताना बाहेरच्या बाजूचं पेडल खाली आणि त्यावर वजन. नजर खड्ड्यावर नाही, जिथं जायचं तिथं, कारण सायकल नजरेच्या मागं जाते. 'पुढचा ब्रेक दाबू नको, पलटी होशील' असं आपल्याला लहानपणापासून सांगितलंय, ते अर्धवट आहे. ब्रेक मारला की वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून सायकल थांबवण्याचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो. तो हळूहळू वाढवत दाबायचा, बूड मागं सरकवायचं, मागचा सोबत. आणि डांबरावरून चाक खाली गेलंच, तर लगेच वर चढायचं नाही. सरळ जायचं, वेग मारायचा, थांबायचं, सायकल उचलून वर ठेवायची. हे शेवटचं वाक्य त्या पोराला कुणी आधी सांगितलं असतं तर त्याचे दात आज जागेवर असते.

आपल्या शाळांच्या गॅदरिंगला 'स्लो सायकल' स्पर्धा असायची, आठवते? चुन्याच्या दोन रेघांमधून सगळ्यात शेवटी पोचेल तो पहिला. पाय टेकला की बाद. तोल आणि ताबा शिकवायचा याहून स्वस्त उपाय नाही. पण त्यात ड्रोनचा फोटो चांगला येत नाही.

प्रत्येक कार्यक्रमात भाषणात दोन उदाहरणं ठरलेली. नाशिकचे डॉक्टर महाजन बंधू, २०१५ साली दोघांच्या टीमनं 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ, २०१७ साली तीच शर्यत एकट्यानं. सुमारे तीन हजार मैलांची शर्यत! अभिमान मलाही आहे. पण त्या शर्यतीत रात्री सायकलच्या मागं दिवे लावलेली गाडी असावीच लागते, हे भाषणात कुणी सांगत नाही. आपल्याकडं जे ब्रेव्हे करतात, दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत वगैरे, त्यांना विचारा. रात्री पुढं-मागं दिवा आणि चमकणारं जॅकेट नसेल तर सायकल चालवूच देत नाहीत. मोठ्या माणसांचं धाडस आपण उचललं, त्यांची शिस्त तिथंच ठेवून आलो.

आता कुणी म्हणेल, हे लाखाच्या सायकलवाल्यांचे चोचले, आम्हाला काय त्याचं? थांबा. खरं दुखणं पुढंच आहे.

आपल्या जिल्ह्यात रोज सगळ्यात जास्त सायकल कोण चालवतं? पहाटे जर्सी घालणारे आम्ही वीस-पंचवीस जण नाही. शाळेतल्या मुली. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी सरकार पैसे देतं. योजना चांगली आहे, तिच्यामुळं कितीतरी लेकरांची शाळा सुटली नाही. पण पैसे खात्यावर आले, सायकल आली, फोटो झाला आणि शासनाचं काम संपलं. बिनगिअरची, वीसेक किलोची सायकल, कॅरिअरवर दप्तर, पावसाळ्यात भिजलेली स्टीलची रिम. ओल्या स्टीलवर ब्रेकचं रबर घसरतं, हे त्या मुलीला उतारावरच कळतं. अजिंठ्याच्या रांगेचे फाटे आपल्या जिल्ह्यातून जातात. औंढा, सेनगाव, कळमनुरीकडच्या कितीतरी वस्त्यांवरून शाळेत यायचं तर चढ-उतार आलाच. आमच्यासाठी जो 'सेगमेंट' आहे, तो तिचा रोजचा रस्ता आहे. तिला मेडल नाही, आणि ब्रेक दाबायला शिकवणाराही नाही.

आणि रस्ता? नांदेड-हिंगोली-अकोला १६१ क्रमांकाचा महामार्ग चौपदरी झाला, सोय झाली, मान्य. पण सायकलनं त्याच्या कडेनं एकदा जाऊन बघा. कडेची डांबरी पट्टी सायकलला उपयोगी पडावी, तर तिच्यावर धाब्यासमोर ट्रक उभे आणि समोरून उलटे येणारे मोटारसायकलवाले. आतल्या रस्त्यांवर तर पट्टीच नाही. नवं डांबर जुन्यावर चढत जातं, साईडपट्टीवर मुरूम पडत नाही, पडला तर पहिल्या पावसात वाहून जातो आणि कड वर्षागणिक उंच होते. सुगीत त्याच रस्त्यावर सोयाबीन वाळत असतं. हंगामात उसाच्या जोड ट्रॉल्या, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. यात चारचाकीवाला बंपर वाचवतो. सायकलवाल्याला वाचवायला त्याचं डोकंच असतं.

जानेवारीत पुण्यात 'पुणे ग्रँड टूर' झाली. ४३७ किलोमीटरची, आंतरराष्ट्रीय दर्जाची शर्यत. देशोदेशीचे सायकलपटू आले, त्याआधी मार्गावरचे रस्ते गुळगुळीत झाले, खड्डे बुजले. टीव्हीवर बघताना मलाही भरून आलं. पुण्याचा राग नाही. पण यातून एक गोष्ट सिद्ध झाली की ठरवलं तर सायकल चालवण्यालायक रस्ता महाराष्ट्रात होऊ शकतो. मग परदेशी पाहुणा येणार असेल तेव्हाच तो व्हावा का? सेनगाव तालुक्यातली नववीतली मुलगी या रस्त्याची मालकीण नाही का?

कायद्याचं विचाराल तर मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १९८-अ आलं. रस्ता ठरलेल्या मानकाप्रमाणं बांधला नाही किंवा राखला नाही आणि त्यामुळं मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला, सल्लागाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. एक लाख म्हणजे एका बऱ्या रोड बाईकची किंमत. तेवढंही कुणाकडून वसूल व्हायचं तर आधी पंचनाम्यात कडेची उंची मोजलेली पाहिजे. आपल्या पंचनाम्यात 'तोल गेला' असतं. आणि आमच्या बातमीतही.

दोन आक्षेप येणार, ते माहीत आहेत.

पहिला: 'हायवेवर सायकल घेऊन यायचंच कशाला?' कारण शाळा, दवाखाना, मोंढा सगळं त्याच रस्त्यावर आहे. गावाला दुसरा रस्ता दिलाय का? सायकल आधी होती, हायवे नंतर आला.

दुसरा आमच्याच मित्रांचा: 'पोरं मोबाईल सोडून सायकलवर येतायत, नकारात्मक लिहू नका.' मित्रांनो, मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात, ते ऐकतच आपण मोठे झालो. मलाही आपल्या मातीतला घाटाचा राजा बघायचाय. पण राजा व्हायला पोरगं घरी धड परत यायला पाहिजे. एका पोराचं हाड मोडलं की त्याच्या गल्लीतल्या दहा आया सायकलला कुलूप लावतात. सायकलिंगचं नुकसान माझ्या पोस्टनं होत नाही, त्यानं होतं.

म्हणून मागण्या लिहितो, साध्या आहेत.

१) हिल चॅलेंज भरवायची तर नोंदणीच्या वेळी ब्रेक आणि टायर तपासा, आदल्या रविवारी मैदानावर उतार-वळणाचा सराव सक्तीचा करा. फिनिश वर असेल तर खाली येणं गटानं, पुढं एक जाणता माणूस आणि प्रत्येक वळणावर झेंडा घेऊन एक जण. एवढी माणसं नसतील तर स्पर्धा भरवू नका.

२) शाळांनी जूनमध्ये, सायकली आल्या की, पी.टी.च्या तासाला दोन दिवस हाताळणी शिकवावी. स्लो सायकल परत सुरू करावी. गावातल्या सायकल दुकानदाराला वर्षातून दोनदा बोलवून ब्रेकची रबरं बदलून घ्यावीत. खर्च किरकोळ आहे.

३) जिल्हाधिकारी रस्ता सुरक्षा समितीचे अध्यक्ष असतात. समितीनं शाळांच्या रस्त्यांवरची पाच-पाच किलोमीटरची कड एकदा टेप लावून मोजावी. जिथं वीतभर खाली आहे तिथं पावसाळ्याआधी मुरूम टाकून दाबून घ्यावा. सायकल ट्रॅक मागत नाही, मुरूम मागतोय.

४) ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावल्याशिवाय कारखान्याच्या गेटमधून आत घेऊ नये.

५) आणि आम्ही पत्रकार. 'तोल गेला' लिहिण्याआधी घटनास्थळी जायचं, कड बघायची, तिची उंची लिहायची. सुरुवात माझ्यापासून. काल त्या वळणावर परत गेलो, पट्टी घेऊन. डांबरापासून साईडपट्टी बावीस सेंटीमीटर खाली आहे. हा आकडा महिनाभर उशिरा छापतोय, त्या पोराची आणि त्याच्या आईची माफी मागून.

तुमच्या गावच्या शाळेच्या रस्त्यावर अशी कड असेल तर पट्टी लावून फोटो काढा आणि खाली कमेंटमध्ये टाका, रस्त्याचं नाव लिहून. सगळे फोटो एकत्र करून मी स्वतः जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज देणार आहे. ज्यांना माझ्या चढण्यावर हसायचंय त्यांनीही हसा. शेवटून चौथा आलो होतो, पण उतरताना सायकल हातात धरून पायी आलो. त्या दिवशी शहाणपणाचं एवढंच केलं.