खिशांतील ध्वनिमुद्रक

सोनी कंपनीनें १९७९ सालीं आपल्या प्रेसमन नांवाच्या ध्वनिमुद्रकांतून आवाज भरून घेण्याची सोय काढून टाकली व वॉकमन बाजारांत आणला. ऐकणारे कोट्यवधि झाले. सांप्रत एकाच खिशांतल्या यंत्रांत दोन्ही सोयी असतां आमचे तरुण शेतकरी बंधु दुसरीस हातहि लावीत नाहींत, हें आम्हांस खटकतें. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनीं जात्यावरील १ लाखाहून अधिक ओव्या मिळविल्या. पण ध्वनिमुद्रित झाल्या त्या थोड्याच, आणि चाल कागदावर कशी उतरणार? मोट गेली, तिच्यावरचीं गाणीं कांहीं वृद्धांच्या कंठांत मात्र उरलीं आहेत. असे आजोबा घरीं असतील तर यंत्र त्यांच्यापुढें आजच ठेवावें. बांधावर वाऱ्यांत मात्र बसवूं नये. घोंघावणेंच तेवढें भरून येतें.