करा हो, कोण विचारतंय!

मराठी माणसाच्या कपाटात मिक्सरचे गॅरंटी कार्ड सापडते. मिक्सरला जाऊन पंधरा वर्षे झालेली असतात, पण कार्ड असते. बारशाला आलेल्या चांदीच्या वाटीची सराफाची पावती असते, तारेला टोचून ठेवलेली लाइटची बिले असतात. नसते ते एवढेच : तीन लाख रुपये घालून नव्याने केलेल्या स्वयंपाकघराचे आणि बाथरूमचे बिल. मग घर विकायची वेळ आली की सगळे शहाणे त्या बिचाऱ्यालाच फैलावर घेतात : "फाइल ठेवायला काय झालं होतं?"

मी कॉमर्सचा पदवीधर आहे. वीस वर्षे बँकेत व्हाउचरे तपासतो आहे. बिनकागदाच्या व्यवहाराबद्दल माझ्या रक्तातच अढी आहे. तरीसुद्धा या खटल्यात मी आरोपीच्या बाजूने उभा आहे.

आरोपी म्हणजे आमचे साडू. डोंबिवलीतला १९९६ साली घेतलेला फ्लॅट त्यांनी विकायला काढला, कारण गुडघे तिसरा मजला चढायला तयार नाहीत आणि इमारतीला लिफ्ट नाही. या घरात त्यांनी २०१२-१३ साली ग्रॅनाइटचा ओटा घातला, लाद्या बदलल्या, बाथरूम फोडून नवे केले आणि गॅलरी आत घेतली. पुरावा काय? कालनिर्णय! 'दूध नाही', 'गॅस आला' यांच्या मधल्या चौकोनात 'मिस्त्री २०,०००' अशी नोंद होती, आणि ते कालनिर्णयही पुढच्या जानेवारीत रद्दीत गेले. एक बिल मात्र त्यांनी जिवापाड जपले होते, नळांचे. ते काढून पाहिले तर गुळगुळीत कागदावरची अक्षरे उडून गेलेली. बिल होते, मजकूर नव्हता.

आता बिल का नव्हते ते बघा. लाद्यांच्या दुकानात तुम्ही हिशेब विचारलात की दुकानदार आवाज खाली आणून म्हणतो, "बिल पक्कं हवंय का?" सर्जनने "ऑपरेशनच करायचंय का?" असे विचारावे, तसा तो सूर असतो. पक्के हवे असेल तर आकडा वेगळा. तेव्हा व्हॅट होता, १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. कराचे नाव बदलले, दुकानदाराचा सूर तोच आहे. मिस्त्रीचे तर काय सांगावे! मिस्त्रीकडे बिल मागणे म्हणजे त्याच्या खानदानीपणावर शंका घेणे. तो कामच अर्धे टाकून गावी निघून जातो. अर्धी फोडलेली मोरी आणि घरात चार माणसे, अशा अवस्थेत पावतीचा आग्रह धरणारा वीरपुरुष मला दाखवा, मी त्याचा सत्कार करतो.

सोसायटीचे तेच. बदल करण्याआधी कमिटीची लेखी परवानगी घ्यावी असे उपविधींत असते. साडूंनी सेक्रेटरींना जिन्यात गाठून विचारले होते. सेक्रेटरी भाजीची पिशवी सावरत म्हणाले, "करा हो, कोण विचारतंय!" हीच ती परवानगी. आज सेक्रेटरी बदलले आहेत आणि नवे सेक्रेटरी इतिवृत्ताचे पुस्तक उघडून विचारतात, "ठराव कुठाय?" वास्तविक त्याच सोसायटीने इतकी वर्षे ती बंद गॅलरी खालून पाहिली, दिवाळीत तिला लावलेला कंदील पाहिला. तेव्हा ठराव कुणाला आठवला नाही. सही मागायला गेल्यावर बरा आठवला!

इथे कायदा मला बराच समजूतदार वाटतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ चा. घराच्या फक्त आतल्या भागातले, बाहेरचे रूप फारसे न बदलणारे फेरफार त्याने परवानगीतून वगळले आहेत. म्हणजे ओटा आणि लाद्या सुटल्या. अडकते ती गॅलरी. घेणाऱ्याच्या बँकेचा माणूस मंजूर नकाशा घेऊन येतो. नकाशात गॅलरी, समोर अभ्यासाची खोली, खोलीत साडूंचा देव्हारा. तो मान हलवतो आणि कर्ज अडते. (मी बँकवाला आहे, त्यामुळे या मान हलवण्याविषयी अधिक बोलत नाही.)

पण खरा घाव करात बसतो. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराला विक्रीच्या नफ्यावर दोन वाटा मिळाल्या : महागाई निर्देशांक न लावता साडेबारा टक्के किंवा लावून वीस टक्के, जे कमी पडेल ते. २०२५-२६ ची विक्री धरा. २०१२-१३ चा निर्देशांक २००, आणि २०२५-२६ चा ३७६. म्हणजे साडूंचे तीन लाख पाच लाख चौसष्ट हजारांच्या तोलाचे झाले आणि त्यावर वीस टक्क्यांनी एक लाख बारा हजार आठशे रुपये कर वाचला असता. साडेबाराच्या वाटेने गेले तरी साडेसदतीस हजार. रंग दिला असता तर तो दुरुस्तीत मोडला असता, तिथे तक्रार नाही. पण ओटा ही भर आहे, आणि ओटा समोर आहे! त्यावर हात ठेवून बघा, गार लागतो.

गंमत पुढेच आहे. घर २००१ पूर्वीचे असल्यामुळे १ एप्रिल २००१ चे बाजारमूल्य धरता येते आणि ते व्हॅल्युअर ठरवून देतो. म्हणजे पाव शतकापूर्वी अख्ख्या घराची किंमत काय होती हे आज अहवालातून सांगता येते, त्या काळची बिले कुणी मागत नाही. डोळ्यांसमोरच्या ओट्यासाठी मात्र, साडूंचे सी.ए. म्हणाले, "बिल, चेक, काहीतरी दाखवा." घर गृहीत, ओटा संशयित!

माझी मागणी फार मोठी नाही. ज्याला शेवटी कागद मागायचा आहे, त्याने सुरुवातीला तो द्यायची सोय करावी. सोसायटीने बांधकामाची वाळू जिन्यातून वर जाऊ लागली की त्याच दिवशी अर्ज हातात द्यावा, तो नुसता लिफ्टच्या आणि जिन्याच्या नुकसानीची अनामत घेण्यापुरता नको. दुकानदाराने पक्के बिल देताना उपकाराचा चेहरा करू नये. आणि जुन्या ओट्यालाही व्हॅल्युअरचा अहवाल लागू व्हावा. एवढे होईपर्यंत साडूंना "फाइल ठेवायला काय झालं होतं" असे विचारणाऱ्याने आधी आपल्या घरातल्या कमोडचे बिल आणून दाखवावे.

सध्या साडूंनी गॅलरी पूर्ववत करायला घेतली आहे. स्लायडिंगच्या खिडक्या उतरल्या, देव्हारा तात्पुरता फ्रिजवर आहे. या वेळी पोळलेल्या साडूंनी पहिल्याच दिवशी मिस्त्रीला बजावले, "तोडफोडीचं बिल पाहिजे हं."

मिस्त्रीने छिन्नी खाली ठेवली आणि आवाज उतरवून विचारले, "काका, पक्कं पाहिजे का?"