नगराची तिजोरी, राज्याचा हात



परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जयंतीनिमित्त ही स्मरणिका आपल्या हाती देताना, संपादकीयासाठी आम्ही प्रथमदर्शनी रुक्ष वाटणारा विषय मुद्दाम निवडला आहे. कॅलिफोर्निया राज्य सरकारने नगरांच्या उत्पन्नाला वेळोवेळी लावलेली कात्री आणि तिला नगरांनी केलेला विरोध, हा तो विषय होय. सॅक्रामेंटोतील आमदार आणि गावोगावचे मेयर यांच्यातील या वादाशी आपला काय संबंध, असे पुष्कळांना वाटते. आमचे मत याच्या अगदी उलट आहे.

या वादाचे मूळ १९७८ सालच्या प्रपोझिशन १३ मध्ये आहे. त्यान्वये मालमत्ता कर घराच्या करपात्र मूल्याच्या एक टक्क्यावर बांधला गेला आणि त्या मूल्याची वार्षिक वाढ दोन टक्क्यांवर रोखली गेली. आपल्यापैकी ज्यांनी अलीकडे घर घेतले, त्यांना शेजारच्या तशाच घराचा जुना मालक किती कमी कर भरतो, हे ठाऊक आहे. परंतु याहून दूरगामी परिणाम निराळाच झाला. गावात गोळा होणारा हा कर कोणाला किती मिळावा, हे ठरविण्याचा अधिकार राज्याकडे गेला. कर गावचा, पण वाटप राज्याचे!

या अधिकाराचा उपयोग राज्याने अडचणीच्या काळात केला. १९९२ आणि १९९३ साली राज्याच्या अंदाजपत्रकात मोठी तूट आली, तेव्हा नगरे, कौंट्या आणि स्थानिक मंडळे यांच्या वाट्याचा मालमत्ता कर शाळांच्या नावे वळविण्यात आला. शाळांना देणे असलेला राज्याचा स्वतःचा भार तेवढा हलका झाला. ही रक्कम वर्षाला साडेतीन अब्ज डॉलरांच्या घरात होती, आणि ती व्यवस्था तात्पुरती न राहता कायमची झाली. नगरांनी विरोध संघटित केला. २००४ साली प्रपोझिशन १ए मोठ्या बहुमताने संमत होऊन राज्याच्या हाताला बांध पडला. तरीही त्यातील आणीबाणीच्या तरतुदीचा आधार घेऊन २००९ साली राज्याने सुमारे १.९ अब्ज डॉलर उसने घेतलेच. ती वाटही २०१० साली प्रपोझिशन २२ ने बंद केली.

हा प्रश्न बाबासाहेबांना अपरिचित नव्हता. याच देशात, कोलंबिया विद्यापीठात, त्यांनी ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवर प्रबंध लिहिला. तो १९२५ साली लंडनमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. १८३३ ते १८७१ या काळात सर्व महसूल मध्यवर्ती सरकारचा होता. प्रांत केवळ खर्च करीत. पैसा एकाचा आणि कारभार दुसऱ्याचा, अशा व्यवस्थेत जबाबदारी कोणाचीच राहत नाही, हे त्या ग्रंथाच्या वाचकाच्या ध्यानी आल्याशिवाय राहत नाही. अधिकार दिला आणि साधने दिली नाहीत, तर तो अधिकार कागदावरचा ठरतो. आरक्षित जागांपासून शिष्यवृत्तीपर्यंत आपल्या समाजाने हा अनुभव पुरेपूर घेतला आहे.

नगराची तिजोरी रिकामी झाली म्हणजे कोणाचे नुकसान होते, हे सॅलिनस शहराने दाखवून दिले. शेतमजुरांच्या या शहरात २००४ साली करवाढीचे प्रस्ताव मतदारांनी फेटाळले, आणि तिन्ही सार्वजनिक ग्रंथालये बंद करण्याचा निर्णय कौन्सिलने घेतला. त्यांतील एक जॉन स्टाइनबेक यांच्या, तर दुसरे शेतमजुरांचे नेते सीझर चावेझ यांच्या नावाचे होते. ज्याच्या घरी पुस्तकांची कपाटे आहेत, त्याला ग्रंथालय बंद झाल्याची झळ लागत नाही. ज्याच्या घरी अभ्यासाला कोपराही नाही, त्याची मात्र शाळेइतकीच मोठी वाट बंद होते. नागरिकांनी वर्गणी जमविली, आंदोलन केले, आणि २००५ च्या नोव्हेंबरात अर्धा टक्का विक्री कर स्वतःवर लादून घेऊन ग्रंथालये वाचविली. ग्रंथालयाच्या बळावर ज्या महापुरुषाने समाज उभा केला, त्याच्या अनुयायांना या घटनेचे मोल वेगळे सांगावयास नको.

तथापि, नगर म्हणजे न्याय असे समीकरण आम्ही मांडत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या वेस्टर्न ॲडिशन भागात पुनर्विकासाच्या नावाखाली हजारो कृष्णवर्णीय रहिवाशांना उठविण्यात आले, ते स्थानिक सत्तेच्याच हातून. पुढे २०१२ साली राज्याने अशा सुमारे चारशे पुनर्विकास संस्था बरखास्त केल्या, तेव्हा गरिबांच्या घरांसाठी राखून ठेवावा लागणारा वीस टक्के निधीही त्यांच्याबरोबर गेला. महाडचा इतिहासही हेच सांगतो. चवदार तळे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ साली केला. तो १९२७ च्या मार्चपर्यंत कागदावर राहिला, आणि सत्याग्रहानंतर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेने तो रद्द केला. सत्ता जवळ आली म्हणून ती आपली होत नाही. तिच्यावर आपली नजर असावी लागते.

म्हणून आमचे सांगणे दुहेरी आहे. राज्य जेव्हा नगराच्या निधीवर हात टाकते, तेव्हा आपण नगराच्या बाजूने निःसंकोच उभे राहावे. आणि नगराला निधी मिळाला, म्हणजे तो कोणत्या वस्तीत, कोणाच्या मुलांवर, कोणत्या बसमार्गावर खर्च होतो, हे विचारावयास आपणच पुढे व्हावे. बहुतेक नगरांचे आर्थिक वर्ष १ जुलैपासून सुरू होते आणि अंदाजपत्रकाची चर्चा मे-जूनमध्ये होते. १९५३ च्या ब्राऊन कायद्यानुसार कौन्सिलच्या सभेत कोणालाही बोलता येते. त्यासाठी नागरिकत्व लागत नाही, मग व्हिसा कोणताही असो. आपली कितीतरी कुटुंबे दहा-दहा वर्षे कर भरतात. परंतु त्या सभागृहाची पायरी चढलेली कुटुंबे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत.

विहार, जयंती आणि धम्मवर्ग यांइतकेच हेही आपले काम आहे. या वर्षी प्रत्येक कुटुंबातून एकाने तरी, शक्य तर मुलांना सोबत घेऊन, आपल्या गावच्या अंदाजपत्रकाच्या सभेस जावे आणि दोन मिनिटे का होईना, बोलावे. शिक्षणाचा आणि संघटनेचा मंत्र आपण उच्चारतो, त्याची कसोटी अशाच सभागृहात लागते.

भवतु सब्ब मंगलम्! जय भीम!

– संपादक मंडळ