आधी टिनाला चुना, मग एसी

पुसदला मे महिन्यात टिनाच्या घरात दुपारी बसवत नाही. दिवसभर ते टिन वरून भाजत असते. म्हणून घरोघरी कुलर आले, आता काही घरी हप्त्यावर एसीही लागले.

एसी घेऊ नका, असे आम्ही म्हणणार नाही. दिवसभर उन्हात विटा वाहणाऱ्याला रात्री गार झोप हवीच. पण तापलेल्या टिनाखाली एसी लावणे म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणे. आधी छपराला चुन्याचे दोन हात द्यावेत. पांढरे छप्पर ऊन परतवते. अहमदाबादेत २०१७ साली गरीब वस्त्यांची छपरे अशीच पांढरी करण्यात आली.

मोठ्या इमारतींचेही तेच. परवा एका कार्यालयात गेलो, तर पश्चिमेच्या काचेतून ऊन आत, दार सताड उघडे आणि एसी अठरावर! बिल साहेबांच्या खिशातून थोडेच जाते? आपल्या जाते. सरकारी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या हिशोबाने एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. तेव्हा एसी २४ ते २६ वर ठेवून सोबत पंखा लावावा.

कुलरचे मात्र उलटे. त्याला बाहेरची कोरडी हवा लागते, म्हणून समोरची खिडकी उघडी ठेवावी. आणि भगिनींनो, पाणी भरण्याआधी प्लग काढाच. शॉकने आपल्या भागात पोरे गेली आहेत.

चुना पावसात धुऊन जातो. १४ एप्रिलसाठी भिंती रंगवतोच, तेव्हाच दरवर्षी शिडी छपराला लावावी. चुन्यात थोडा फेविकॉल घातला म्हणजे तो टिनाला धरतो.