क्लच हळू सोडायचा तो का?

विद्यार्थी मित्रांनो, वयाची अठरा वर्षे पूर्ण झाल्यावाचून मोटार चालविण्याचा परवाना मिळत नाही, हे तुम्हांला ठाऊक आहेच. तेव्हा हा लेख वाचून कोणी वडिलांच्या गाडीची किल्ली मागू नये! परंतु तुमच्यापैकी पुष्कळजण येत्या काही वर्षांत मोटार शिकायला जातील. तेथे शिकविणारे गृहस्थ दहा वेळा बजावतील, ‘क्लच हळू सोडा.’ का सोडायचा, किती हळू आणि त्या वेळी आत काय घडते, हे बहुधा कोणी सांगणार नाही. माझे म्हणणे असे, की ही गोष्ट शाळेच्या वर्गातच शिकविली पाहिजे. नववी-दहावीच्या गणितापलीकडे तिच्यात काही नाही.

उदाहरणासाठी एक खरी गाडी घेऊ. जपानच्या माझदा कंपनीने १९८९ साली एमएक्स-५ नावाची एक छोटी, उघड्या टपाची, दोघांपुरती मोटार बाजारात आणली. इंजिन १.६ लिटरचे, गिअर पाच, वजन साडेनऊशे किलोग्रॅमच्या आसपास. चालविणारा धरून आपण १००० किलोग्रॅम म्हणू, म्हणजे आकडेमोड सोपी होईल. ही गाडी आपल्याकडील रस्त्यांवर सहसा दिसत नाही; पण परदेशांत हौसेने गिअरची गाडी शिकणाऱ्यांची ती फार आवडती आहे आणि २०१६ पर्यंत तशा दहा लाख गाड्या तयार झाल्या. तिचे इंजिन काही राक्षसी ताकदीचे नव्हे. ताकद बेताची असल्यामुळेच योग्य वेळी योग्य गिअर निवडण्याला तिच्यात महत्त्व येते.

या गाडीच्या पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे साडेतेरा फेरे होतात तेव्हा मागील चाकाचा एक फेरा होतो. पाचव्या गिअरमध्ये इंजिनाच्या साडेतीन फेऱ्यांना चाकाचा एक. चाकाचा परीघ सुमारे १.८ मीटर आहे. आता कागद-पेन्सिल घ्या. ताशी १०० किलोमीटर वेगाने जायचे तर चाकाला मिनिटाला सुमारे ९२६ फेरे घ्यावे लागतील. पाचव्या गिअरमध्ये इंजिन तेव्हा मिनिटाला ३२०० च्या थोडे वर फिरेल, म्हणजे अगदी सुखाने. तोच वेग पहिल्या गिअरमध्ये हवा असेल तर इंजिनाला १२,५०० फेरे घ्यावे लागतील! सात हजारांच्या पुढे तर ते न्यायचेच नसते. उलट, पहिल्या गिअरमध्ये चाकाला मिळणारा पीळ पाचव्याच्या जवळजवळ चौपट असतो, म्हणून गाडी जागची हलते. तरफेचा नियम तो हाच. वेग आणि जोर दोन्ही एकदम फुकट मिळत नाहीत.

आता खरी गंमत. पेट्रोलचे इंजिन शून्यापासून फिरू शकत नाही. रेस न देता नुसते चालू ठेवले तरी त्याला मिनिटाला साधारण ८५० फेरे घ्यावेच लागतात. त्याच्या फार खाली गेले की ते आचके देऊन बंद पडते. पहिल्या गिअरमध्ये ८५० फेरे म्हणजे गाडीचा वेग किती? गणित करा. ताशी ६.८ किलोमीटर, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाइतका. याहून कमी वेगाला इंजिन आणि चाके एकमेकांना घट्ट जोडलेली राहूच शकत नाहीत. मग उभी असलेली गाडी निघते कशी?

ते काम क्लचचे. इंजिनाच्या जड चक्रावर एक खरबरीत तबकडी स्प्रिंगच्या दाबाने चिकटलेली असते. पायाने क्लच दाबला की ती सुटते. पाय उचलू लागलो की ती आधी घसरत घसरत आणि मग पूर्ण पकडते. शून्यापासून ताशी ६.८ किलोमीटरपर्यंतचा सगळा प्रवास या घसरण्यावर होतो. पाय एकदम उचलला तर चक्राच्या फिरण्यात साठलेली तुटपुंजी ऊर्जा हजार किलोच्या गाडीला वेग द्यायला पुरत नाही आणि इंजिन बंद पडते. घर्षणाचे तोटे आपण परीक्षेत पाठ करून लिहितो. घर्षण नसते तर गाडी जागची हलली नसती, हे मात्र कोणी विचारीत नाही.

घसरताना उष्णता किती निर्माण होते? सपाट रस्त्यावर, इंजिनाचे फेरे कायम ठेवून गाडी उचलली, तर गाडीला जेवढी गतिज ऊर्जा मिळते जवळजवळ तेवढीच उष्णता क्लचमध्ये होते. इंजिनाने दिलेल्या कामाचे दोन सारखे वाटे! ८५० फेऱ्यांवर हा वाटा सुमारे १८०० ज्यूल येतो. १७०० फेऱ्यांवर तो दुप्पट नव्हे, चौपट होतो, कारण गतिज ऊर्जेत वेगाचा वर्ग असतो. म्हणजे भरपूर रेस देऊन अगदी हळू क्लच सोडणारा माणूस स्वतःला फार काळजीवाहू समजत असला, तरी तबकडी तोच जास्त तापवीत असतो. हळू सोडण्याने धक्का वाचतो. तबकडी वाचते ती फेरे बेताचे ठेवल्याने.

चढावर तर याहून वाईट. दहास एक असा चढ आहे, पुढे गाड्या तुंबल्या आहेत आणि आपले महाशय ब्रेक न लावता, १७०० फेऱ्यांवर अर्ध्या क्लचने गाडी जागच्या जागी धरून उभे आहेत. गाडी इंचभरही पुढे जात नसल्याने इंजिनाचे सर्व काम उष्णतेत जाते. ते दर सेकंदाला जवळजवळ ३७०० ज्यूल भरते. हजार वॉटच्या साडेतीन-चार इस्त्र्या त्या बिचाऱ्या तबकडीवर ठेवल्यासारखे! जळका वास येतो तो याचाच. हातब्रेक लावून थांबावे आणि निघताना तो सोडावा, हा नियम पाठ करण्याऐवजी हा आकडा एकदा काढून पाहिला तर जन्मात विसरणार नाही.

उतारावरची एक खोड मात्र विनोदाने घेण्यासारखी नाही. पेट्रोल वाचते म्हणून घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकणारे चालक आजही आहेत. खंडाळ्याहून खोपोलीपर्यंत आपण सुमारे ५०० मीटर खाली येतो. हजार किलोच्या गाडीची स्थितिज ऊर्जा तेवढ्यात ४९ लाख ज्यूलने कमी होते. साधे पंधरा लिटर पाणी तेवढ्यात उकळीला येईल. हवेच्या विरोधात त्यातली काही जाते. उरलेली, गाडी न्यूट्रलमध्ये असेल तर, जवळजवळ सगळी ब्रेकवर येते. आणि फार तापलेले ब्रेक नीट धरत नाहीत. खालच्या गिअरमध्ये असेल तर इंजिन स्वतःच गाडीला मागे ओढून धरते. शिवाय आजच्या इंधन-फवारणीच्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये असून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, तर अशा उतारावर पेट्रोल येणेच बंद होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतेच. म्हणजे बचतही नाही आणि जीव धोक्यात, असा हा व्यवहार आहे.

कोणी म्हणेल, आता आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्या आल्या. विजेच्या मोटारींना तर क्लचच नाही. मग हे शिकायचे कशाला? प्रश्न रास्त आहे. विजेची मोटर शून्य फेऱ्यांपासून भरपूर पीळ देते, म्हणून तिला क्लचची गरज नाही. पण हे तिचे मोठेपण कळायलाही पेट्रोल इंजिनाची अडचण कळावी लागते. गिअरची गाडी चालविणारा श्रेष्ठ आणि दुसरा अडाणी, असा तोरा मिरविणाऱ्यांशी माझे जमत नाही. गिअर हाताने बदलले की पेट्रोल हमखास वाचते, हेही आता सरसकट खरे राहिलेले नाही. माझा आग्रह वेगळ्या कारणासाठी आहे. ज्या यंत्रात इंजिनाचा वेग व चाकाचा वेग यांचा मेळ आपल्या पायाने घालावा लागतो, ते यंत्र चूक झाली की लगेच हिसका देऊन सांगते. असा परीक्षक आम्हा मास्तरांना कुठून मिळायचा?

शिक्षकांना एक प्रयोग सुचवितो. फेरे दाखविणारा काटा असलेली गिअरची गाडी, तिचा नेहमीचा चालक आणि शेजारी वही घेऊन बसलेला एक विद्यार्थी, एवढेच साहित्य. रस्ता रिकामा निवडा. चालकाने लक्ष रस्त्यावर ठेवावे, नोंदी विद्यार्थ्याने घ्याव्यात. प्रत्येक गिअरमध्ये चार-पाच वेगांना फेऱ्यांचा आकडा लिहून घ्या आणि आलेख काढा. प्रत्येक गिअरची एक सरळ रेषा येईल आणि वाढविली तर ती मूळबिंदूतून जाईल. गाडी निघतानाचे एक-दोन बिंदू मात्र पहिल्या गिअरच्या रेषेवर बसणार नाहीत. ते चुकीचे म्हणून खोडू नका. त्या वेळी क्लच घसरत होता.